डाव्या हाताचा देव

धुळ्यात चित्र कळणारा माणूस एकच आहे आणि दुर्दैवाने तो रोज आरशात दिसतो, असं प्रेमराज बोरसे सरांचं ठाम मत होतं. बाकीच्यांना काय कळतं, तर साडीचा काठ, ट्रॅक्टरचा रंग आणि फ्लेक्सवर स्वतःचा फोटो किती मोठा आला आहे तेवढं. तेहतीस वर्षं एका शाळेत ड्रॉइंग शिकवून सर निवृत्त झाले, तरी हे मत तसूभर हललं नाही. उलट निवृत्तीनंतर बोलायला वेळ मिळाल्यामुळे ते जास्त लोकांना ऐकू येऊ लागलं.

ह्या मताला आधार म्हणजे शाळेच्या सभागृहातली डावीकडची भिंत. रोममध्ये पोपच्या राहत्या वाड्याला लागून एक प्रार्थनाघर आहे. पाचशे वर्षांपूर्वी मायकेलअँजेलोने चार वर्षं मान मोडून त्याच्या छतावर बायबलातल्या कथा रंगवल्या. ओला चुना लावायचा आणि तो सुकायच्या आत रंगवून मोकळं व्हायचं, असं ते काम. त्या छताच्या मधोमध एक चित्र आहे. देव आकाशातून हात पुढे करतो, नुकता घडवलेला पहिला माणूस आडवा पडून आपला हात पुढे करतो, आणि दोघांच्या बोटांमध्ये अगदी थोडं अंतर उरतं. एवढंच चित्र, पण जगभर गाजलेलं. एकोणीसशे त्र्याण्णव साली सरांनी ते सभागृहाच्या भिंतीवर उतरवलं, चौदा फूट लांब आणि सहा फूट उंच. मूळ चित्रात माणूस नागडा आहे. इथे शाळा असल्यामुळे सरांनी त्याला पंचा नेसवला, आणि कोणी हसलं की ते सांगत, खुद्द रोममध्येही नंतरच्या लोकांनी त्या प्रार्थनाघरातल्या नागड्या देहांवर कापडं रंगवून घेतली होती. हे मात्र खरं होतं.

त्या भिंतीखाली उभं राहून सर दर वर्षी आठवीच्या मुलांना एक व्याख्यान देत. त्या व्याख्यानाचा सगळा जीव देवाच्या डाव्या हातात होता. सर पट्टी उचलून विचारत, "बघा, देव कोणत्या हाताने देतोय? डाव्या. आणि माणूस कोणत्या हाताने घेतोय? उजव्या. ह्याचा अर्थ काय? देवाने सहज दिलं, माणसाने कर्तृत्वाने घेतलं. पाचशे वर्षांपूर्वी पोपच्या घरात हे रंगवायला छाती लागते." मग क्षणभर थांबून, आवाज बारीक करून, ते ठरलेला विनोद सांगत. "आणि आपल्या शाळेच्या शिपाईबाई मंजुळाबाई, हातात झाडू घेऊन मला काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणे, सर, देव काय डावा हातघाई देस का?"

देव कधी डाव्या हाताने देतो का, ह्या अहिराणी प्रश्नावर पोरं खदखदून हसत. पहिल्या वर्षी हसली, तशीच चोविसाव्या वर्षीही हसली. मंजुळाबाई त्या वेळी कधी व्हरांड्यात असत, कधी पाण्याची टाकी धूत असत, आणि हसणं कुठून आलं हे त्यांना न सांगताही कळत असे. पुढे सरांनी 'डाव्या हाताचा देव' नावाची बेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली, तेव्हा त्यातही पान अकरावर तो विनोद घातला. अडाणी माणूस महान कलेसमोर कसा आंधळा असतो, ह्याचं उदाहरण म्हणून.

आता त्या भिंतीवरच गदा आली होती. संस्थेने सभागृह नव्याने रंगवायला काढलं होतं. संस्थेचे अध्यक्ष झुलाल अण्णा सिमेंटचे व्यापारी. त्यांना चारही भिंती एका रंगात हव्या होत्या, फिकट पिस्ता. तीन भिंती रंगवून झाल्या. चौथी राहिली, कारण मुख्याध्यापक समाधान पवार हा सरांचाच विद्यार्थी आणि त्याने अण्णांना कसंबसं थोपवून धरलं होतं. थोपवायला त्याने एक युक्ती काढली. शनिवारी सरांचा सत्कार ठेवायचा, पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची, आणि ज्याने मूळ चित्र प्रत्यक्ष पाहिलं आहे असा शाळेचाच माजी विद्यार्थी पाहुणा म्हणून बोलवायचा. त्याने चारचौघांत सांगितलं की हे हुबेहूब तेच आहे, की अण्णांचं तोंड बंद होईल आणि भिंत वाचेल.

"असा कोण आहे आपला?" सरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले दोन-तीन इंजिनियर आले. त्यांच्याविषयी फारसा आदर नव्हता, पण निदान बूट घालणारी माणसं.

"कोकिळा महाजन," समाधान म्हणाला. "त्र्याण्णव साली आठवीत होती. जळगावला असते. टूर कंपनीबरोबर युरोपला जाते दर उन्हाळ्यात."

"गाइड आहे?"

"नाही सर. स्वयंपाकाला असते. आपल्या लोकांना तिकडचं चालत नाही ना. वरण-भात, शेवभाजी, सगळं तिथं करून घालतात. तीन वेळा जाऊन आली रोमला."

सरांनी चष्मा काढून पुसला. मायकेलअँजेलोवर बोलायला शेवभाजी करणारी बाई. धुळ्याकडून त्यांनी फार अपेक्षा कधीच केली नव्हती, पण तरी ही हद्द झाली. समाधानने अजून एक गोष्ट चाचरत सांगितली. कोकिळा ही मंजुळाबाईंची मुलगी, आणि येताना आईलाही घेऊन येणार होती. सर म्हणाले, "येऊ दे की. तिलाही कळेल, आपण कोणत्या चित्राखाली झाडू मारत होतो ते."

शुक्रवारी दुपारी कोकिळा स्वतःच सरांच्या देवपुरातल्या घरी आली. जळगावहून बसने, एरंडोल-पारोळा करत, घामाघूम होऊन. पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, मनगटावर तेलाचे जुने डाग. वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. सरांनी पाणीही विचारलं नाही. त्यांना वाटलं, पोरगी उद्या काय बोलायचं ते लिहून घ्यायला आली आहे.

"लिहून देतो," ते म्हणाले. "चार वाक्यं पाठ कर. जास्त बोलू नकोस, घोटाळा होईल."

"सर, मी तेवढ्यासाठी नाही आले," कोकिळा म्हणाली. "तुम्ही आधी हे कार्ड बघा. तिथूनच घेतलंय. आपलं चित्र उलटं आहे."

सरांनी कार्ड हातात घेतलं. त्यावर माणूस डावीकडे होता आणि देव उजवीकडे. देव उजव्या हाताने देत होता, माणूस डाव्या हाताने घेत होता. सरांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. हे त्यांना नवीन नव्हतं. मोबाइल आल्यापासून दर वर्षी एखादं शहाणं पोरगं फोन पुढे करून हेच सांगायचं, आणि सर त्याला सांगायचे की सेल्फी काढताना तुझा भांग कोणत्या बाजूला दिसतो बघ, फोन सगळंच उलटं दाखवतो. पोरं गप्प बसायची. शिक्षकाला पोरांना गप्प बसवता आलं की तो बरोबर असतो, अशी आपल्याकडची रीत आहे.

"छपाईत निगेटिव्ह पालथी पडली की असं होतं," सर म्हणाले. "बाजारू कार्डं. ह्यावर भरवसा ठेवायचा नसतो."

"मी कार्डावर भरवसा ठेवलाच नाही सर. मी खाली उभं राहून बघितलं. आम्हाला अर्धा दिवस सुट्टी असते, टूरवाले खरेदीला गेले की. आत बोलू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. मी मान वर करून पहिल्यांदा हातच शोधले. बाकी काहीच नाही बघितलं. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तेवढंच होतं."

"छत आहे ते. ह्या बाजूला उभं राहिलं तर एक दिसतं, पलीकडे गेलं तर दुसरं."

"मीही तसंच म्हटलं मनाला. म्हणून पलीकडे जाऊन उभी राहिले. देव उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर, पण हात उजवाच राहतो. माणूस कसाही फिरवला तरी त्याचा उजवा हात डावा होत नाही ना सर."

हे ऐकून सरांना खरा राग आला, कारण हे बरोबर होतं. चूक असतं तर ते हसले असते. ते म्हणाले, "कोकिळा, ज्याचं त्याने करावं. तू फोडणीचं बघ, रेनेसाँचं मी बघतो."

कोकिळेने पिशवी उचलली. दारात ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात बोलली, स्वयंपाकघरात मीठ किती घालायचं ते सांगावं तशी. "उद्या मी आपणहून काही बोलणार नाही. भिंत तुमची आहे, ती जावी असं मला वाटत नाही. पण अण्णांनी मला थेट विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. आई समोर बसलेली असेल."

ती गेली. सर बराच वेळ त्या कार्डाकडे तुच्छतेने बघत राहिले, पण कार्डाला त्याचं काही वाटलं नाही. मग त्यांनी ठरवलं की हिला पुराव्यानिशी गप्प करायचं. पुरावा होता, आणि तो आझादनगरात कादरकडे होता.

कादर खाकेवाला. साडीवर, ओढणीवर, शेरवानीवर जरीचं काम करायचं तर आधी नक्षी कापडावर उतरवावी लागते, आणि ती उतरवायची खाक्याने. पातळ ट्रेसिंग कागदावर नक्षी काढायची, रेघेरेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड कापसाच्या बोळ्याने पुसायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी तयार. त्र्याण्णव साली सरांना मुंबईच्या एका ग्रंथालयातून त्या चित्राचं मोठं पुस्तक फक्त पाच दिवसांसाठी मिळालं होतं. त्या पाच दिवसांत सर एलिमेंटरीच्या परीक्षेवर पर्यवेक्षक होते, म्हणून त्यांनी पुस्तक कादरच्या हवाली केलं. कादरने आणि त्याची बायको रहिमाबी हिने चौकोन पाडून चित्र चौदा फुटांचं केलं, भोकं पाडली, खाका गुंडाळून दिला. सरांनी तो भिंतीला लावून मलमलीत बांधलेल्या कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी मारली, रंग भरले आणि खाका कादरला परत केला. गंमत म्हणजे रोममध्येही त्या काळी असेच भोकं पाडलेले कागद लावून कोळसा मारत. सरांना हे ठाऊक होतं, पुस्तिकेत पान सातवर होतं. कादरचं नाव मात्र बेचाळीस पानांत कुठे नव्हतं. हमालाचं नाव कोणी छापत नाही.

कादर आता सत्तरीला आला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, रहिमाबी जाऊन सहा वर्षं झालेली. भोकं पाडायचं काम आता त्याची सून यास्मिन करायची. सरांनी कारण सांगितलं तेव्हा त्याने आश्चर्य दाखवलं नाही. माळ्यावरून यास्मिनने एक लांब नळकांडं काढलं, अंगणात फरशीवर उलगडलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

"सर, हात फिरवा," कादर म्हणाला.

सरांनी हात फिरवला. कागद गुळगुळीत लागला.

"आता पालथा करा." यास्मिनने कागद पालथा केला. ह्या बाजूने तो खरखरीत होता, बारीक वाळूसारखा. "सुई जिकडून जाते ती बाजू गुळगुळीत. जिकडून निघते ती खरखरीत. खरखरीत बाजू कापडाला लावायची, गुळगुळीत आपल्या तोंडाकडे. आता तुम्हीच आठवा, तुम्ही कोळसा कुठल्या बाजूवर मारला?"

सरांना आठवलं. पुरचुंडी मारताना मलमल अडकत होती, दोनदा फाटली होती, आणि त्यांनी कादरच्या कामाला शिव्या घातल्या होत्या. ट्रेसिंग कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. पुस्तक तोवर एसटीने परत गेलं होतं.

"मी खूण पण केली होती," कादर म्हणाला. त्याने वाकून खालच्या कोपऱ्यातल्या काही ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे बघा, उर्दूत लिहिलंय, 'सीधा'. वाचता आलं की बाजू बरोबर. तुम्ही ते पण भिंतीवर उतरवलंत, आणि वरून हिरवा रंग दिलात."

पुस्तिकेच्या पान सव्वीसवर ह्याच आकाराविषयी दीड पान मजकूर होता. 'चित्राच्या तळाशी असलेली ही गूढ वेल म्हणजे कलावंताची गुप्त स्वाक्षरी असावी, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.' नम्र हा शब्द त्यांनी आयुष्यात बहुधा तेवढाच एकदा वापरला होता.

"मग सांगितलं का नाहीस मला?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं सर. उद्घाटनाला आलो होतो ना मी, मागे उभा होतो. कार्यक्रम झाल्यावर तुमच्याजवळ आलो. तुम्ही म्हणालात, कादर, साडीच्या बुट्टीला उलटं-सुलटं असतं, इथं तू मला शिकवू नकोस. चार लोक हसले." कादरने कागद गुंडाळायला घेतला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि सरांना तेच जास्त लागलं. "मग मी म्हटलं, जाऊ दे. तुमची भिंत, तुमचा देव."

त्या रात्री सर जेवले नाहीत. आयुष्यभर त्यांनी गावाला कमी लेखलं होतं, आणि त्या बळावर ते ताठ चालत आले होते. आता हिशेब असा लागत होता की झाडूवालीला बघताक्षणी कळलं, खाकेवाल्याला बोटांनी कळलं, पोरांना फोनवर कळलं, आणि चित्र कळणारा धुळ्यातला एकमेव माणूस चोवीस वर्षं आरशातलं चित्र शिकवत बसला. खरं सांगायचं तर त्यांना भिंत हवी होती. पोरगा नाही, बाळगायला शेत नाही, बायको गेली. मागे उरण्यासारखं एवढंच होतं. अण्णांनी कोकिळेला विचारलंच नाही तर भिंत राहील, आणि हे चार जणांशिवाय कोणाला कळणार नाही. पहाटेपर्यंत ते मनातल्या मनात देवाला हेच मागत होते की उद्या कोणी काही विचारू नये, आणि कोणत्या हाताचा देव हे ऐकतो आहे ह्याची त्यांना लाज वाटत होती.

शनिवारी सभागृहात नव्या रंगाचा वास होता. रंगाऱ्यांची शिडी कोपऱ्यात उभी होती, पिस्ता रंगाचा डबा झाकण लावून तयार होता. भिंतीच्या बाजूला सरांच्या नावाची संगमरवरी पाटी पडद्याखाली झाकलेली होती, कारण समाधानने भिंत वाचणारच असं धरून ती आधीच कोरून आणली होती. पहिल्या रांगेत मंजुळाबाई बसल्या होत्या. जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. ज्या सभागृहात वीस वर्षं झाडू मारला तिथे खुर्चीवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

समाधानने प्रास्ताविक केलं. पोरगा मनाने चांगला, पण बोलायला उभा राहिला की त्याच्या डोक्यात वारं शिरायचं. सरांच्या आठवणी सांगता सांगता तो म्हणाला, "आणि सरांचा तो प्रसिद्ध किस्सा कोण विसरेल? योगायोग बघा, त्या मंजुळाबाई आज आपल्यात बसल्या आहेत. काय म्हणाल्या होत्या त्या? देव काय डावा हातघाई देस का?" सभागृह हसलं. माजी विद्यार्थी हसले, त्यांची पोरं हसली, अण्णा पोट हलवून हसले. मंजुळाबाईंनी पदर थोडा पुढे ओढला. व्यासपीठावर कोकिळा समोर बघत बसली होती.

मग अण्णांनी माइक ओढला. "ताई, तुम्ही खरं बघून आलात. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. एका शब्दात सांगा, हे चित्र तंतोतंत तसंच आहे का? असेल तर ठेवू, नसेल तर रंग तयार आहे."

कोकिळा उठली. माइकपाशी गेली आणि एकदा सरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. भाजी उतरवायची की अजून दोन मिनिटं ठेवायची, असं बघतात तसं ते होतं. आईच्या पदराकडे बघून तिने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी प्रेमराज सर खुर्चीतून उठले. ते कसे उठले हे त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की हे त्या पोरीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडाने सांगितलेलं बरं. म्हणजे त्यातही थोडा अहंकार होताच.

"नाही," ते माइकवर म्हणाले. "तसं नाही. चित्र उलटं आहे. मी कागद पालथा लावला होता. देव उजव्या हाताने देतो. मी तुम्हाला चोवीस वर्षं चुकीचं शिकवलं. हा कागद आझादनगरच्या कादरभाईंनी काढला, तो बरोबर होता. चूक माझी. भिंत रंगवून टाका."

सरांना वाटलं, आता छत कोसळणार. झुलाल अण्णांनी भिंतीकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि माइक स्वतःकडे ओढला.

"उलटं म्हणजे देव खाली आणि माणूस वर, असं तर नाही ना?"

"तसं नाही, पण…"

"मग झालं. डावा काय आणि उजवा काय. सर, तुम्ही नसतं सांगितलं तर आमच्या बापालाही कळलं नसतं." लोक हसले. अण्णांना चेव आला. "मंडळी, मोठेपणा बघा माणसाचा. आपल्याच सत्कारात आपलीच चूक सांगतो. असा विनय आज कुठे बघायला मिळतो? मी आत्ताच जाहीर करतो, ह्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही. कायमची राहील." टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी सरांच्या खांद्यावर शाल टाकली. पाटीवरचा पडदा दूर झाला, पुस्तिका वाटल्या गेल्या, पाचशे प्रती, पान अकरा आणि पान सव्वीस जसंच्या तसं. ज्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसांनी भिंत वाचवली होती, आणि वाचवण्याचं कारणही तेच होतं.

लोक नाश्त्याकडे वळले. सर खाली उतरून मंजुळाबाईंसमोर उभे राहिले. कोकिळा आईच्या चपला शोधत होती. सरांनी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंजुळाबाई, तुमचं खरं होतं. माझी चूक झाली. मला माफ करा."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. त्यांचा आवाज शांत होता.

"सर, हासनात तवय बठ्ठासमोर हासनात. माफी मातर कानमा मांगी राहिनात."

हसले ते सगळ्यांसमोर आणि माफी मात्र कानात, हे सरांना झोंबलं. कोकिळेने आईला हात देऊन उठवलं. सर वळले आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. मांडववाला माइकची वायर गुंडाळायला लागला होता, त्याला त्यांनी थांबवलं. लोकांच्या हातात कचोरीच्या प्लेटा होत्या. माइकवर टकटक ऐकून बऱ्याच जणांनी माना वळवल्या, सर आभार मानणार असं समजून कौतुकाने बघू लागले.

"एक सांगायचं राहिलं," सर म्हणाले. "आपल्या शाळेच्या शिपाईबाई, मंजुळाबाई, हातात झाडू घेऊन मला एकदा म्हणाल्या होत्या…"

एवढं ऐकल्याबरोबर सभागृह हसलं. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ते वाक्य मोठ्याने पुरंही केलं आणि हसण्याची दुसरी लाट आली. सर हात वर करून म्हणाले, "हसू नका, ऐका, त्या खरं बोलत होत्या." त्यावर तर जास्तच हसले, कारण किश्शाला हा शेवट नवीन होता. दारापाशी मंजुळाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत. सरांनी घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि लोक पुन्हा त्याच जागी हसले.